टाकीवरचं नाणं

नाणं पुन्हा पडलं.

संघदीपनं ते चाकामागून काढलं, पँटीला पुसलं आणि खिशात टाकलं. अकरा वर्षांत अशी किती नाणी पडली, ते मंगरूळपीरच्या त्या गॅरेजच्या फरशीलाच ठाऊक.

गॅरेज गोविंदसिंग उस्तादांचं, नियमही त्यांचाच. चालू मोटरसायकलच्या टाकीवर नाणं कडेवर उभं केलं, की चेल्यानं खुशाल आपलं दुकान टाकावं. तोवर पाना चालवायचा, तोंड नाही. उस्तादांना ते सहज जमे. वरच्या खिशातलं आपलं जुनं, जाडसर नाणं काढून ते टाकीवर ठेवत आणि नाणं समाधी लागल्यासारखं उभं राही. गिऱ्हाइकं हात जोडत. ते नाणं मात्र उस्ताद कुणाच्या हाती देत नसत. सिद्धी जाते म्हणे.

तिकडे मेडशीला संघदीपच्या दुकानाची पाटी सहा वर्षांपासून रंगवून तयार होती. बायको तिच्यावर कुरड्या वाळवायची.

"तुमचं नाव पुसत आलं पाटीवरचं," मंजुषा सकाळीच फोनवर म्हणाली होती. "आता मी माझंच टाकून घेतो."

आजची गाडी दौलतसिंगाची. चाळीस वर्षांची, दोन सिलिंडरची. त्यात सिलिंडरचा बोर आतून वाढवून मोठे पिस्टन बसवलेले. इंजिन वाढलं तशी भूक वाढली, आणि दोन कार्बोरेटर एका चुलीवरच्या दोन जावांसारखे वागायला लागले. एक पेट्रोल ओतायचा, दुसरा हात आखडायचा. गाडी उभ्या जागी थरथरायची.

"हिच्यावर नाणं?" दौलतसिंग म्हणाला. "अबे, हिच्यावर माशी बसून नाही राह्यली!"

उस्ताद एका बंद पडलेल्या ऑटोकडे गेले होते. संघदीपनं कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे मोठे जेट टाकले. सायकलच्या चाकाच्या तारेचे दोन सारखे तुकडे कापले, दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइडखाली सरकवले आणि स्लाइड एका उंचीवर आणल्या. मग तुकडे काढून गाडी चालू केली आणि हवेचे स्क्रू धरले. पाव फेरा. त्याचाही पाव. डोळे मिटून तो ऐकत राहिला.

आणि दोन आवाजांचा एक आवाज झाला.

दौलतसिंगाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. चहावाला विकास कप उचलायचे विसरला. गाडीच्या आरशात समोरच्या कडुनिंबाचं पान न् पान दिसत होतं, फोटोसारखं.

संघदीपनं खिशातलं नाणं कडेवर ठेवलं आणि बोटं सोडली.

ते उभं राहिलं.

तेवढ्यात उस्ताद दारात आले आणि तिथंच थबकले.

"नाणं कोणाचं हाय?"

"माह्यं, उस्ताद. इकासनं सुट्टे देल्ले, त्यातलं."

उस्तादांनी टाकीखाली हात फिरवून पाहिला. मग टिचकीनं नाणं पाडलं.

"ठेव पुन्हा."

ते पुन्हा उभं राहिलं.

उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली. "अकरा वर्सं काहून लावले बे?"

"तुमच्यावानी जमतच नव्हतं ना, उस्ताद."

मग वरच्या खिशातलं आपलं नाणं काढून त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती दिलं. ते तळहातावर टेकायच्या आतच टक्कन उडालं आणि संघदीपच्या दुसऱ्या हातातल्या पान्याला जाऊन चिकटलं.