ओघळ

भांड्यांच्या दुकानात तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि चहाचं पहिलं पातेलं भरलं.

“काकू, भांडं वाजवून घेतात, ओतून नाही!” दुकानदार म्हणाला.

“वाजवून घेतलेलं एक आहे घरी. सव्वीस वर्षांपूर्वी यांनीच निवडलंय.”

शेजारी उभा असलेला नवरा हसला. “पातेलं चांगलंच आहे हो. हिचा हातच सांडका. रोज चहा कपात कमी, ओट्यावर जास्त. नाचता येईना, अंगण वाकडं!”

ती एकेक पातेलं भरून दुकानातल्याच एका पेल्यात ओतत राहिली. सहा पातेल्यांचे ओघळ पार बुडापर्यंत गेले. सातव्यातली धार मात्र सरळ पेल्यात पडली. तिने बुडाखालून बोट फिरवलं. बोट कोरडं. तिने पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. तरीही कोरडं.

“हेच बांधू?” दुकानदाराने विचारलं.

“बांधा. हे माझं.” मग ती नवऱ्याकडे वळली. “घरातलं ते वाकडं अंगण आजपासून तुमचं. उद्या सकाळी चहा ओता, आणि दाखवा नाचून.”