नाकारलेली शाल

तरुणांसाठीच्या उद्योजक मेळाव्यात अधिकाऱ्यांनी शाल पुढे केली, पण विजयमाला धोत्रेंनी ती घेतली नाही. त्यांनी माइक ओढला.

"साहेब, तुमच्याच खात्यानं मला प्लॅस्टिकचे कप बनवायला शिकवलं. कारखान्याची फीत तुम्हीच कापलीत. मग प्लॅस्टिकबंदीचा नियम आला आणि गेल्या आठवड्यात तुमच्याच माणसांनी मशीनला सील ठोकलं. आता या पोरांना काय सांगू, धंदा करा म्हणून?"

अधिकाऱ्यांनी खूण केली आणि माइक बंद झाला. त्या तडक बाहेर पडल्या.

गेटपाशी एका मुलीनं त्यांना गाठलं. "ताई, मी मसाल्याचा धंदा काढतेय. नको काढू का?"

विजयमालांचा राग निवळला नव्हता. पण मुलीची बोटं हळदीनं पिवळी झालेली पाहून त्या थबकल्या.

"काढ," त्या म्हणाल्या. "फक्त यांच्या भरवशावर काढू नकोस."