बारकूबायची धाव

दर्या कुणासाठी थांबत नाही. ओहोटीला खडक उघडे पडले, की भरतीचं पाणी परत चढायच्या आत कालवं फोडून डबा भरायचा; उशीर झाला तर अलिबागच्या बाजारात काय घेऊन बसायचं? म्हणून साठीची बारकूबाय काष्टा आवळून, डबा काखेत मारून वाळूच्या पुळणीवरून धापा टाकत पळत होती.

किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्याचे मालक आज बूट घालून तिच्या जोडीने पळू लागले.

"मावशी, रोज गॅलरीतून बघतो तुम्हाला. डॉक्टर सांगून थकले, बायको सांगून थकली. शेवटी तुम्हाला बघून लाज वाटली, आणि रनिंग सुरू केलं."

ती पळतच राहिली. बोलण्यात घालवायला दम होता कुठे? पाणी पहिल्या खडकाला लागलं होतं.

"आमच्या ग्रुपवर तुमचा व्हिडिओ टाकला मी. सगळे विचारतायत, या आजींना पळायची प्रेरणा कुठून मिळाली?"

बारकूबाय थांबली. समोर एकेक खडक बुडत चालला होता, तरी थांबली. कमरेची कोयती उपसून तिने मागे, त्यांच्या बंगल्याच्या लांबलचक भिंतीवर रोखली.

"त्यांना सांग शेट, तुझी ती भिंत व्हायच्या आधी तिथून आमची पायवाट व्हती. तवा मी चालत यायची."