विहिरीतलं शेवाळ

मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या शेवाळांची जंत्री करायला नागपूरच्या कॉलेजाने मला चिखली तालुक्यात पाठवलं होतं. पावसाळा सरत आला, तरी निम्मे नमुने बाकी होते. माझी चिडचिड पाहून माझे यजमान उकंडराव पाटील म्हणाले, “शेवाय ना? माह्या विहिरीच्या पायऱ्यांवर लय हाये. गेल्या सालच्या पोळ्याले आमची सून त्याच्यावरूनच घसरून बुडाली.” मी चाकू घेऊन घाईघाईने उतरलो. पायऱ्या उन्हात होत्या, कोरड्या, खरखरीत. वाळलेलं शेवाळसुद्धा दगडावर काळा डाग ठेवतं. इथे डागही नव्हता. मी पाण्यापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. मग हात थांबला. वरून पाटलांनी हाक मारली, “भेटलं का, साहेब?” तेवढ्यात त्यांची नवी सून घागर घेऊन खाली आली. माझ्या शेजारी पाण्याशी वाकली आणि वर न बघता पुटपुटली, “मलेबी नाही भेटलं, भाऊ.”