झुळूक, जिथे असशील तिथून ये

भर दुपारी, अख्खा बसस्टँड पेंगत असताना, खिडकीवालीने माईकचं बटण दाबलं आणि म्हणाली, "झुळूक, जिथे असशील तिथून चौकशी खिडकीपाशी ये."

आणि मग कान टवकारून बसली. कुणी येऊ नये म्हणून!

कारण बाळासाठी तिला असं नाव हवं होतं, जे कुणाचंच नसेल. तिच्या स्वतःच्या नावाच्या त्या ऑफिसात तिघी. एकीला हाक मारली की तिघींच्या माना वळायच्या, म्हणून तर ती नुसती खिडकीवाली झाली. बाळाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्याही, "नाव ठेवतेयस की कोडं घालतेयस?" पण उद्यापासून तिची रजा, माईक आजच्यापुरताच हातात. सकाळी एक नाव पुकारलं, तर छत्रीवाले एक आजोबा हजर. दुसऱ्या नावाला दोन शाळकरी मुली आल्या, त्याही भांडत, "मला बोलावलंय!" "चल गं, मला!"

या वेळी कुणीच नाही. आवाज पत्र्याखालून फिरला, उभ्या गाड्यांच्या टपांवरून गेला आणि पलीकडे उन्हात विरून गेला. एकही मान वळली नाही. जमलं की! तिला टाळीच वाजवावीशी वाटली.

आणि मग काय झालं कोण जाणे, त्या शांततेत तिला एकदम गलबलून आलं. एवढी हाक मारली, आणि कुणीच आलं नाही.

तिने पुन्हा बटण दाबलं. "झुळूक, ये ना. वाट बघतेय मी."

झालं! स्टँड खडबडून जागा. पेपरवाला वाकून बाकांखाली बघायला लागला. एक ड्रायव्हर गाडीत चढून एकेक सीट तपासून आला. आणि बोचकं सांभाळत एक म्हातारी थेट खिडकीशी.

"पोर हरवलंय ना गं? मुलगा की मुलगी?"

"अजून... माहीत नाही."

"अगं बाई! अंगात कपडे कुठले?"

"काहीच नाहीत."

"काय म्हणावं त्या आईला! लक्ष कुठे होतं तिचं?"

खिडकीवाली उठून उभी राहिली. तिने पोटावर हात ठेवला.

म्हातारीने पोटाकडे पाहिलं. मग माईककडे. मग परत पोटाकडे.

"आत्तापासून हाका? झोपू दे की जरा," म्हणाली, आणि मागे वळून ओरडली, "सापडलं रे! आईपाशीच आहे!"

"मग गाडी सोडू ना?" ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारत होता.

खिडकीवालीने डोळे पुसले, माईक जवळ ओढला आणि रोजच्या आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. झुळूक निघालेली आहे. लवकरच पोचत आहे."

गाडी गेली. मागे धूळ उन्हात तरंगत राहिली, खाली बसायचं विसरल्यासारखी. म्हातारी आपल्या बाकावर परतली, थोडी सरकली आणि बोचकं उचलून तिने मांडीवर घेतलं. शेजारी एका छोट्याशा माणसापुरती जागा झाली.