भिंतीची चव

"मी सांगस ते बठ्ठा खोटंच म्हणतीन," जीवरामआबांनी सुरुवातच अशी केली. "पण मन्ही कारभारीणनी एक भिंत खाई टाकी. पुरी."

चोपड्याकडच्या त्या गावात अंगणवाडीच्या ओसरीवर संघमित्रा सिस्टर गरोदर बायांचं रक्त तपासत होती. आबांना काही गर्भ राहिला नव्हता, बी.पी.च्या गोळ्यांचं निमित्त काढून ते येऊन बसले होते. समोर सासू कमलबाईबरोबर आलेली दिपमाला. पाचवा महिना. दहा पावलं चालली की हिला दम लागायचा आणि कमलबाई म्हणायची, नखरे. दोन खेपा ती सुई बघून उठून गेली होती. आजही दोन्ही हात पदराखाली होते. मला काही झालं नाही, एवढंच ती म्हणे. जबरदस्ती करता येत नव्हती. कमलबाईच्या गोठ्याची भिंत आबांच्या ओट्यासमोरच होती, आणि आबा दिवसभर ओट्यावर असत.

आबा सांगत गेले. आधी कारभारीण खडाभर माती खायची, मग मूठभर. भिंतीत कोनाडा पडला, त्यात तिने दिवा ठेवला. कोनाड्याची खिडकी झाली, तिच्यातून मांजर येऊ लागलं. पुढे तर शेजारचा धनसिंग तिथूनच ताकाचा तांब्या सरकवायचा, दारात यायचं बंदच झालं. मग एक दिवस ही सिस्टर घरोघर फिरत आली. कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, थेट भोकापुढे उभी राहिली. आबा म्हणाले, उंदरांनी पोखरलंय. ती म्हणाली, उंदीर जमिनीलगत पोखरतो. हे चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हाताच्या उंचीवर आहे.

"डॉक्टर माणूस तपासतो," आबा म्हणाले, "हिनी भिंत तपासी."

मग तिने कारभारणीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आतून केळीच्या गाभ्यासारखी पांढरी. बोटाला टोचलं तर रक्त यायलाच तयार नाही, तीनदा हाक मारावी लागली. मशीनमध्ये हिमोग्लोबिनचा आकडा आला सहा, बारा हवा तिथे. आबा बायकोवर ओरडणार होते, एवढ्या वयात माती खाते म्हणून. सिस्टरने त्यांनाच गप्प केलं. ही खोड नाही आणि नखराही नाही, ती म्हणाली. रक्तातलं लोह संपलं की काही जणींना अशी मातीची ओढ लागते. लाजायचं तिने नाही, घरच्यांनी.

हे सांगताना आबा भलतीकडेच, चिंचेकडे बघत होते. कमलबाई पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होती.

पुढे चोपड्याच्या दवाखान्यात सलाईनमधून लोह दिलं, मग गोळ्या. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. म्हणून आबांनी म्हणे दोन महिने घरातला चहाच बंद केला आणि स्वतः धनसिंगकडे जाऊन प्यायले. शौचाला काळं झालं तेव्हा कारभारीण गोळ्या उकिरड्यावर टाकायला निघाली. सिस्टरने सांगितलं, तो लोहाचा रंग आहे, घाबरू नको, बंद करू नको. गोळ्यांच्या चौथ्या महिन्यात बाई दोन हातांत दोन केळीचे घड घेऊन सावद्याला केळी नेणाऱ्या ट्रकच्या पुढे पळत गेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, हिने वाट दिली नाही.

सिस्टरने ह्यातलं काही खोडलं नाही. तिची ह्या गावात बदली होऊन दोन वर्षं झाली होती आणि आबांची बायको जाऊन नऊ. ओसरीवरच्या सगळ्या बायांना हे माहीत होतं. तरी मांजराला कोणी हरकत घेतली नाही, ट्रकलाही नाही.

"आते तुम्ही इचारशात, चव कशी लागे," आबा म्हणाले. "मी बी इचारं. ती म्हने, गूळ. पांढरी माती म्हंजे नुसती गुळनी ढेप."

"खोटं शे आबा," दिपमाला म्हणाली. "गोड नही लागत ती. खारी लागस."

कमलबाईने सुनेकडे बघितलं, मग सरकून तिला भिंतीशी टेकायला जागा केली. सिस्टरने कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवला आणि आपला तळहात पुढे धरला.

दिपमालाने पदराखालून हात काढला. नखांत माती होती.