धरणकाठचं हिरवं

धरण आटलं, गावच्या दूध सोसायटीतल्या म्हशींना पाजायलासुद्धा पाणी उरलं नाही, तेव्हा सोसायटीचे चेअरमन त्रिंबक गुरुजी टँकर मागायला तालुक्याच्या कचेरीत गेले. टेबलामागं त्यांच्याच गावचा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला शहादेव बसला होता. त्यानं उठून पाया पडून खुर्ची दिली आणि संगणकावर उपग्रहानं टिपलेले धरणकाठाचे दोन फोटो उघडले.

“हा चार सालाखालचा, हा आत्ताचा. काठची शेती केवढी वाढलीय बघा. बीडला जिल्ह्याच्या कचेरीत हेच फोटो बघतेत, गुरुजी. एवढं हिरवं दिसल्यावर टँकर कोण देईल?”

“अरे, म्हशींच्या जिभा बाहेर आल्यात.”

“नकाशात हिरवं म्हंजी पीक, आन् पीक म्हंजी पाणी. तुमीच शिकवलं की आमाला.”

गुरुजी हसले नाहीत. पहिलीत मुळाक्षरं गिरवून घेताना धरायचे, तसं त्यांनी शहादेवचं बोट धरलं. आधी ते जुन्या फोटोतल्या निळ्यावर टेकवलं, मग नव्या फोटोत नेमक्या त्याच जागी आलेल्या हिरव्यावर.

“हे काठावर न्हाई, बाळा. पाणी आटल्यावर लोकांनी धरणाच्या तळात, सरकारी जागेत, गाळाच्या ओलीवर चोरून पेरलंय.”

शहादेवनं बोट सोडवून घेतलं नाही.

 

“माहीत हाय, गुरुजी. त्यातला एक तुकडा माझ्याच बापाचा हाय.”